न आठवणारे प्रेम



जुलै महिन्याचा चौथा रविवार आपली ख्रिस्तसभा आजी-आजोबांचा आणि वयोवृद्धांचा जागतिक दिन म्हणून पाळते. पोप फ्रान्सिस ह्यांनी 31 जानेवारी 2021 रोजी ह्या दिनाची घोषणा केली आणि त्याच वर्षी 25 जुलैला तो पहिल्यांदा साजरा झाला. 21 एप्रिल 2025 रोजी पोप फ्रान्सिस प्रभूच्या घरी गेले, पण त्यांनी लावलेले हे रोप दर पावसाळ्यात आपल्याकडे पुन्हा पालवते. 26 जुलै हा संत योकिम आणि संत अन्ना ह्यांचा, म्हणजे पवित्र मरियेच्या आईवडिलांचा सण. प्रभू येशूचे हे आजी-आजोबा. त्या सणाच्या जवळचा म्हणून हा रविवार निवडण्यात आला.

ह्या दिवशी मिस्सानंतर आजी-आजोबांना एकेक फूल द्यायचे, टाळ्या वाजवायच्या, फोटो काढायचा आणि घरी जायचे, एवढ्यावर पुष्कळदा आपले भागते. फूल जरूर द्यावे. पण यंदा फुलाबरोबर त्यांच्या एका प्रश्नाकडेही आपण लक्ष देऊ या.

आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी किंवा घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही धर्मगुरू वसईच्या वाड्यांतून फिरतो, तेव्हा सकाळी दहा-अकराच्या सुमारास कितीतरी घरांत दोनच माणसे भेटतात. एक सत्तरीच्या पुढचे आणि एक दोन वर्षांच्या आतबाहेरचे. मुलगा आणि सून सकाळची लोकल पकडून मुंबईला गेलेली असतात. आजोबा वाडीत असतात. केळीच्या आळ्यातले गवत काढतात, पडवळाचा वेल मांडवावर चढवतात, मोगऱ्याची सुकलेली काडी छाटतात. त्यांच्या मागे नातवंड असते. त्याच्या हातात पाण्याचा लहानसा डबा असतो आणि त्यातले निम्मे पाणी झाडाला, निम्मे स्वतःच्या पायांना. आजी उंबऱ्यात बसून मऊ भात कालवते आणि चिमणीचा एक, कावळ्याचा एक असे म्हणत घास भरवते. दुपारी तिघेही थोडा वेळ आडवी होतात. संध्याकाळी आई येण्याची वेळ झाली की दोघेजण त्या लहानग्याला घेऊन फाटकाशी उभे राहतात.

“कसं चाललंय, बाबा?” असे विचारले की उत्तर ठरलेले असते. “काय फादर, झाडांना पाणी घालायचं, पोराला सांभाळायचं. दिवस ढकलतो.” पण थोडा वेळ बसले की कधीकधी ह्या उत्तराखालचा दुसरा शब्द बाहेर येतो. “फादर, हा आता दोन वर्षांचा. माझं वय 78. उद्या मी गेलो तर ह्याला माझं तोंडसुद्धा आठवणार नाही.”

बंधू-भगिनींनो, ह्या वाक्यापुढे “असं काही बोलू नका, बाबा” म्हणून निघून जाणे सोपे आहे. पण म्हातारा माणूस खरे बोलत असतो. मोठेपणी आपल्यापैकी बहुतेकांना वयाच्या तीन-साडेतीन वर्षांआधीचे जवळजवळ काहीही आठवत नाही. मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलेले आहे आणि आपण स्वतःलाही विचारून पाहू शकतो. फोटोंमुळे, मोबाईलमधल्या चित्रफितींमुळे नातवाला आजोबांचा चेहरा कळेल. पण त्यांच्या खांद्यावर झोप लागली होती, तापात रात्रभर आजीने पाठीवरून हात फिरवला होता, पहिल्यांदा चालताना ज्याला धरले ते बोट आजोबांचे होते, हे त्याला आठवणार नाही.

मग विचार करण्यासारखा प्रश्न हा आहे: ज्याला दिले त्याला ते आठवणारच नसेल, तर असे प्रेम वाया जाते का?

बुंधा आणि मुनवा

ह्या प्रश्नाचे पहिले उत्तर आपल्या वाडीतच उभे आहे. केळ वर्षभरात वाढते, एकदाच घड देते आणि तिचे काम संपते. पण तोवर तिच्या पायाशी मुनवा उभा राहिलेला असतो. घड उतरवला की अनेकांना वाटते की आता हा जुना बुंधा कशाला, लगेच तोडून जागा मोकळी करावी. वाडीतली जाणती माणसे मात्र तसे करत नाहीत. ती बुंधा काही आठवडे तसाच ठेवतात, कारण त्यातला रस आणि साठवलेले अन्न जमिनीखालून मुनव्याला मिळत राहते. वरून पाहिले तर बुंधा सुकत चाललेला दिसतो, आणि त्याच दिवसांत मुनव्याची पाने रुंद होत असतात.

पुढे त्या मुनव्याला घड येतो. राजेळी असेल तर कोणी त्याची सुकेळी करतात, कोणी बाजारात नेतात. त्या घडाकडे पाहून बुंध्याची आठवण कोणाला होते? केळीला तर नाहीच नाही. पण त्या फळात बुंध्याचे काहीच नाही असे कोण म्हणेल? झाडाला पाणी आठवत नाही. पाण्याचे लाकूड होते, पान होते, फळ होते. जे आपल्या अंगाचेच होऊन गेले, ते वेगळे आठवावे लागत नाही.

लहान मुलाचेही तसेच आहे. हाक मारली की कोणीतरी येते, पडलो तर कोणीतरी उचलते, भूक लागली तर कोणीतरी भरवते, हे दोन वर्षांचे मूल शब्दांनी शिकत नाही. ते दिवसामागून दिवस अंगाने शिकते. ह्या जगावर विश्वास ठेवता येतो, ही त्याची पहिली शिकवण असते. पुढे धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण त्याला सांगणार की परमेश्वर तुझा पिता आहे आणि तो तुला सोडत नाही. ते वाक्य त्याला कळावे म्हणून लागणारी जमीन कोणीतरी आधीच नांगरून ठेवलेली असते. पुष्कळ घरांत ती आजीने आणि आजोबांनी नांगरलेली असते.

नामीच्या मांडीवर

पवित्र शास्त्रात रूथचे छोटेसे पुस्तक आहे. त्यात रूथ आणि बवाज ह्यांची गोष्ट आपण ऐकतो, पण पुस्तक सुरू होते ते एका म्हाताऱ्या बाईच्या दुःखाने, आणि तिच्याच आनंदापाशी येऊन थांबते. तिचे नाव नामी. दुष्काळामुळे ती बेथलेहेम सोडून मवाबात गेली. तिथे तिचा नवरा वारला, नंतर दोन्ही मुलगे वारले. सून रूथ हिच्याबरोबर ती परतली तेव्हा गावच्या बायकांना तिने सांगितले की मला आता नामी म्हणू नका, मारा म्हणा. नामी म्हणजे मनोरम आणि मारा म्हणजे कडू. आपले आयुष्य संपले, उरले ते कडवटपण, असे तिला वाटत होते.

त्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात रूथला मुलगा होतो. नामी त्या बाळाला उराशी धरते आणि त्याची दाई होते. शेजारच्या बायका तर म्हणू लागतात की मुलगा नामीलाच झाला आहे. बाळाचे नाव ओबेद. ओबेदचा मुलगा इशाय, इशायचा मुलगा दावीद, आणि दावीदाच्या घराण्यात पुढे आपला प्रभू येशू जन्मला.

ओबेद मोठा झाल्यावर नामीविषयी काय म्हणाला, हे पवित्र शास्त्रात कुठेही नाही. त्याला ती आठवत होती की नाही, हेही नाही. पण तिने त्याला उराशी धरले, ही गोष्ट परमेश्वराच्या वचनात लिहिलेली आहे आणि आज ती आपण वाचतो. नातवाच्या स्मरणात ती राहिली की नाही ह्यावर तिच्या प्रेमाची किंमत ठरली नाही. परमेश्वराच्या स्मरणात ती राहिली.

आणि प्रत्यक्ष येशूच्या आजी-आजोबांचे काय? चारही शुभवर्तमानांत त्यांच्याविषयी एक ओळ नाही, नावसुद्धा नाही. योकिम आणि अन्ना ही नावे आपल्याला दुसऱ्या शतकातील एका जुन्या लिखाणातून मिळाली. याकोबाच्या नावाने ओळखले जाणारे ते लिखाण आपल्या पवित्र शास्त्राचा भाग नाही, पण ख्रिस्ती भाविकांनी त्यातील गोष्टी शतकानुशतके जपल्या. त्या कथेत मूल नसलेली अन्ना दुःखी होऊन आपल्या बागेत जाते, एका झाडाखाली बसते आणि फांदीवरचे चिमण्यांचे घरटे पाहून परमेश्वराकडे रडते. पुढे मरिया जन्मते. सहा महिन्यांची झाल्यावर अन्ना तिला जमिनीवर ठेवते, तेव्हा ती सात पावले चालून पुन्हा आईच्या कुशीत येते, असे ती कथा सांगते. हा इतिहास म्हणून आपण मानत नाही. पण पहिल्या ख्रिस्ती लोकांना येशूच्या आजीची आठवण काढताना एक बाग आणि एक चालायला शिकणारे मूल डोळ्यांपुढे आले, हे आपल्या आजीबाईंनी लक्षात घ्यावे.

आपल्या प्रत्येकाच्या आयुष्यात एक अत्यंत मोठी घटना अशी आहे जी आपल्याला आठवत नाही. ती म्हणजे आपला बाप्तिस्मा. आपल्यापैकी बहुतेकांचा बाप्तिस्मा आपण कुशीत असताना झाला. कपाळावर पाणी पडले तेव्हा आपण रडलो असू किंवा झोपलेले असू. आपल्याला काही आठवत नाही. तरी आपण त्या क्षणी परमेश्वराची लेकरे झालो आणि ती खूण कधी पुसली जात नाही, असे ख्रिस्तसभा शिकवते. कृपेला आपल्या आठवणीची गरज लागली नाही. मग त्याच परमेश्वराने आजीच्या हातून दिलेली माया नातवाच्या स्मरणशक्तीवर का अवलंबून राहील?

वाढवणारा तो, राखणारे आपण

हे खरे असेल तर आजी-आजोबांच्या कामाचे स्वरूप आपण नीट समजून घ्यायला हवे. आजोबांनी नातवाला वालाचे चार दाणे दिले आणि त्याने ते कुंडीत पुरले, की दुसऱ्या दिवशी सकाळी काय होते? नातू माती उकरतो आणि दाणा बाहेर काढून पाहतो. आजोबा न रागावता तो पुन्हा मातीत ठेवतात. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी एक दाणा आजोबा गुपचूप दुसऱ्या कोपऱ्यात लावतात, म्हणून निदान एक तरी रोप उगवते.

आपण हसतो, पण मोठी माणसे तेच करतात. दोन वर्षांचे मूल अजून का बोलत नाही, शेजारच्या मुलाला इंग्रजी कविता येतात आणि आपल्या मुलाला का नाही, पाहुण्यांपुढे रंगांची नावे का सांगत नाही, म्हणून आपण रोज त्याला उकरून पाहत असतो. मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशू एका शेतकऱ्याचा दाखला देतो. तो माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो आणि बी उगवून वाढते, पण ते कसे, हे त्याला ठाऊक नसते. करिंथ येथील ख्रिस्ती बांधवांना संत पौलानेही हेच समजावले. कोणी लावले, कोणी पाणी घातले, पण वाढवले ते परमेश्वराने.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल ह्याने हा भेद एका गमतीदार उदाहरणाने मांडला आहे. समजा, लाकडी पलंग जमिनीत पुरला आणि त्याला कोंब फुटला, तर त्यातून नवा पलंग उगवणार नाही, झाडच उगवेल. कारण पलंगाचा आकार सुताराने बाहेरून दिलेला असतो, आणि वाढण्याची शक्ती झाडाच्या आत असते. मूल म्हणजे पलंग नव्हे. त्याला आपल्या मापाने कापून, ठोकून बनवता येत नाही. त्याच्या आत परमेश्वराने ठेवलेले काहीतरी आहे. ते वाढावे म्हणून पाणी, ऊन, कुंपण आणि वेळ देणे एवढेच आपल्या हाती असते. आईवडिलांना कामाच्या धावपळीत हे विसरायला होते. आजी-आजोबांना ते आठवत असते, कारण त्यांनी एक पिढी वाढताना पाहिली आहे, आणि आपण जे घडवू पाहिले त्यापेक्षा मुले वेगळीच वाढली हेही पाहिले आहे.

मग माणसाचे काम काय? उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वराने मानवाला एदेन बागेत ठेवले ते दोन गोष्टींसाठी. मूळ हिब्रू भाषेत तिथे ‘आबद’ आणि ‘शामर’ अशी दोन क्रियापदे आहेत. एकाचा अर्थ सेवा करणे, मशागत करणे, आणि दुसऱ्याचा अर्थ राखणे, सांभाळणे. हीच दोन क्रियापदे पुढे गणनेच्या पुस्तकात लेवी लोकांनी पवित्र मंडपात करायच्या सेवेविषयी वापरली आहेत. म्हणजे बागेची मशागत आणि वेदीची सेवा ह्यांसाठी पवित्र शास्त्राकडे एकच शब्द आहेत. तेव्हा “फक्त झाडांना पाणी घालतो आणि पोर सांभाळतो” असे जे आजोबा म्हणतात, ते नकळत मानवाचे पहिले पाचारणच उच्चारत असतात. त्यातला ‘फक्त’ तेवढा गाळावा.

दुसरी गोष्ट आहे फळाची. बाणवली नारळाचे रोप लावले तर ते फळ धरायला सहा-सात वर्षे घेते. वयाच्या 78 व्या वर्षी ते लावणाऱ्याला लोक विचारतात, “कोणासाठी लावता?” रोमन विचारवंत सिसरो ह्याने इ.स.पू. 44 मध्ये वार्धक्यावर एक लहान ग्रंथ लिहिला, त्यात हाच प्रश्न आहे. तिथला म्हातारा शेतकरी सांगतो की पूर्वजांकडून घेतले तसे पुढच्यांना द्यावे, ही देवांची इच्छा आहे. सिसरो ख्रिस्ती नव्हता, येशूचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता. तरी माणसाच्या अंतःकरणात परमेश्वराने लिहिलेले त्याने वाचले होते. इस्राएल लोकांना तर परमेश्वराने नियमच घालून दिला होता. लेवीय पुस्तकाच्या 19 व्या अध्यायानुसार नव्या झाडाचे फळ तीन वर्षे खायचे नाही, चौथ्या वर्षीचे परमेश्वराला अर्पण करायचे आणि पाचव्या वर्षी आपण खायचे. लावणे आणि खाणे ह्यांमध्ये परमेश्वर उभा असतो. ज्याला पाचवे वर्ष दिसणार नाही, त्याचेही लावणे तो स्वीकारतो.

आजी-आजोबांना दोन शब्द

प्रिय आजी-आजोबांनो, तुमच्या नातवंडाला प्रार्थना शिकवायला ते मोठे होण्याची वाट पाहू नका. त्याचा हात धरून कपाळ, छाती, खांदे अशी क्रुसाची खूण करा. ते हसेल, उलटा हात लावेल. करू द्या. संध्याकाळी माळेची प्रार्थना करताना ते मणी ओढील, मध्येच झोपेल. झोपू द्या. तिमथीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला संत पौल त्याच्या श्रद्धेचे मूळ सांगतो ते त्याची आजी लोईस आणि आई युनीके ह्यांच्यात. तिमथी पुढे ख्रिस्तसभेचा मोठा सेवक झाला, पण पौलाने आजीचे नाव आधी घेतले.

वाडीत फिरताना मुलाला झाडांची, पाखरांची नावे सांगा. आपल्याकडची कित्येक बावखले बुजली, कित्येक वाड्यांवर इमारती उभ्या राहिल्या. भाजी पिशवीतून येते असे समजणारी मुले आता आपल्याच धर्मग्रामात आहेत. भेंडीचे फूल कसे असते, हे ज्याने हात लावून पाहिले, त्याला निर्मात्याविषयी सांगणे सोपे जाते. वाडी नसेल, दोन खोल्यांचे घर असेल, तर खिडकीतल्या कुंडीत मूठभर मेथी पेरा. चार-पाच दिवसांत ती उगवते आणि महिन्याभरात खुडायला येते. मुलाचा धीर तेवढा टिकतो.

सावधही राहा. दोन वर्षांच्या मुलाला भीती कळत नाही. विहिरीवर जाळी आणि हौदावर झाकण हवेच. भरलेली बादलीसुद्धा लहान मुलाला घातक ठरते. फवारणीचे औषध सरबताच्या रिकाम्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. कण्हेर, बिट्टी, धोतरा ही अंगणातली झाडे विषारी आहेत, त्यांच्या बिया मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नका. गुडघे दुखत असतील, चक्कर येत असेल, तर मुलाला एकट्याने वाडीत नेऊ नका आणि हे घरच्यांना सांगायला लाजू नका.

आणखी एक. नातवंडावर माया करताना त्याच्या आईला कमी लेखू नका. “तुझ्या आईला काही कळत नाही” हे वाक्य मुलाच्या कानावर पडले की त्याच्या मुळाशीच घाव बसतो. आईने साखर देऊ नका म्हटले असेल तर देऊ नका. ते रडते म्हणून मोबाईल हातात देणे सोपे असते, पण त्यापेक्षा पाण्याचा डबा हातात द्या.

मुलांना आणि सुनांना दोन शब्द

आता तरुण आईवडिलांशी. तुमचे आईवडील तुमचे मूल सांभाळतात ते प्रेमाने. पण प्रेमाने केलेले काम म्हणजे थकवा न येणारे काम नव्हे. सत्तरीच्या माणसाने दिवसातून वीस वेळा मुलाला उचलणे म्हणजे काय, ह्याचा विचार करा. त्यांना आठवड्यातून एक दिवस मोकळा द्या. रविवारची मिस्सा त्यांना शांतपणे ऐकू द्या, मूल तुम्ही घ्या. त्यांच्या डॉक्टरची तारीख लक्षात ठेवा. संध्याकाळी घरी आल्यावर आधी खरचटलेला गुडघा दाखवून जाब विचारू नका. आधी पाणी द्या, दोन शब्द बोला. “आज काय केलंत दोघांनी?” एवढे विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका.

मूल शाळेत जायला लागले की काही घरांत आजी-आजोबांची गरज संपते आणि बुंधा तोडण्याची घाई सुरू होते. वाडी कोणाच्या नावावर करायची, त्यांनी कोणाकडे राहायचे, हे बोलणे त्यांच्यासमोर आणि त्यांना वगळून चालते. आईवडिलांचा मान राखा ही परमेश्वराची आज्ञा फक्त लहान मुलांसाठी नाही. मोठ्या मुलांनी म्हाताऱ्या आईबापांचा मान राखावा, हा तिचा पूर्ण अर्थ आहे. ज्येष्ठांना त्यांच्या मुलांकडून निर्वाह मिळावा म्हणून आपल्या देशात 2007 साली कायदा करावा लागला, आणि त्यात आजी-आजोबांचाही समावेश आहे. कायदा जेवण मिळवून देऊ शकतो. पंगतीत बसवून घेणे घरच्यांनाच करावे लागते.

ज्यांची नातवंडे दूर आहेत, आखातात, कॅनडात किंवा दुसऱ्या शहरात, त्यांचीही आज आपण आठवण करू या. पडद्यावर दिसणाऱ्या बाळाला कुशीत घेता येत नाही. ज्यांना मूल झाले नाही, नातवंड नाही, असेही आपल्यात आहेत. त्यांच्या शेजारी ज्यांची लहान मुले आहेत, त्यांनी संध्याकाळी ती मुले घेऊन त्यांच्या ओट्यावर थोडा वेळ बसावे. लेकराला आणखी एक आजी मिळाली तर बिघडत नाही.

पुनरुत्थानाच्या सकाळी मरिया मग्दालीनने प्रभूला पाहिले आणि हा माळी आहे असे तिला वाटले. संत थोर ग्रेगरी म्हणतात की ती फारशी चुकली नव्हती, कारण तिच्या अंतःकरणात सद्गुणांचे बी पेरणारा माळी तोच होता. मृत्यूवर जय मिळवून प्रभू प्रथम दिसला तो बागेत, आणि दिसला तो कष्टकऱ्यासारखा. त्याने मरियेला नावाने हाक मारली. ज्यांना नातवंडे विसरतील, ज्यांची नावे दोन पिढ्यांनंतर दफनभूमीतल्या क्रुसावरूनही पुसट होतील, त्यांनाही तो नावाने ओळखतो.

म्हणून, बाबा, नातवाला तुमचे तोंड आठवेल की नाही ह्याची चिंता परमेश्वरावर सोपवा. उद्या सकाळी त्याच्या हातात डबा द्या आणि पडवळाला पाणी घाला.

आपण प्रार्थना करू या. हे प्रभो, आमच्या आजी-आजोबांच्या थकलेल्या हातांना बळ दे. त्यांनी लावलेल्या झाडांना आणि वाढवलेल्या लेकरांना तू वाढव. जे प्रेम आम्हांला मिळाले पण आठवत नाही, त्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. जे आजी-आजोबा तुझ्याकडे आले आहेत त्यांना चिरशांती दे, आणि जे आमच्यात आहेत त्यांचा मान राखायला आम्हांला शिकव. संत योकिम आणि संत अन्ना, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.

आपले धर्मगुरू